शालीच्या घडीत

चूक केली म्हणून शाल-श्रीफळ देणारी टीम अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि ती केतकी आगलावेची होती.

बालेवाडीतल्या एका कंपनीच्या चौथ्या मजल्यावर दर शुक्रवारी चारच्या सुमारास सात माणसं खुर्च्या गोल मांडून बसायची. आठवडाभरात आपण काय घोळ घातला ते प्रत्येकाने सांगायचं, आणि ज्याचा घोळ सगळ्यांत मोठा ठरेल त्याचा रीतसर सत्कार. शाल एकच होती, मरून रंगाची, बापू शेट्यांना त्यांच्या सोसायटीने कधीतरी दिलेली. ती शुक्रवारी कपाटातून निघायची, मानकऱ्याच्या खांद्यावर पडायची आणि संध्याकाळी घडी होऊन परत कपाटात जायची. नारळ मात्र खरा. तो जिन्याच्या पायरीवर फोडून बापूंनी गावाकडून आणलेल्या भडंगाबरोबर फस्त व्हायचा. टीमची प्रमुख झाल्यावर पहिल्याच आठवड्यात केतकीने ती शाल स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. प्रमुखच आपली चूक सांगते म्हटल्यावर बाकीच्यांच्या जिभा सैल झाल्या.

ते जे बनवत होते त्यात चूक झाकून चालण्यासारखं नव्हतंच. ‘सरिता’ हे घरच्या घरी डायलिसिस करणारं यंत्र होतं, शिवणयंत्राएवढं. किडनी निकामी झालेल्या माणसाला दिवसाआड तालुक्याला हेलपाटे घालायला लागू नयेत म्हणून काढलेलं. रक्त गाळायचं आणि अंगात साठलेलं जादा पाणी मोजून काढायचं. किती काढायचं ते डॉक्टर ठरवणार, मोजणार यंत्र. पाणी कमी निघालं तर माणसाला धाप लागते. जास्त निघालं तर रक्तदाब कोसळतो आणि माणूस बसल्या जागी जातो. ही मोजणी केतकीची टीम लिहीत होती.

लिहिलेलं तपासायचं काम बापूंचं. कागदोपत्री चंद्रकांत शेटे, चोपन्न वर्षांचे, मूळचे पलूसचे, टीममध्ये सगळ्यांत वडील. त्यांची तपासायची पद्धत साधी होती. यंत्र ऐन रंगात आलं की ते उठायचे आणि भिंतीतली वायर उपटायचे. कुणी वैतागून विचारलं की म्हणायचे, “आमच्याकडं लाईट जाती तवा विचारून जात न्हाई.” मग सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे टीम रोज दहा वाजता उभ्या उभ्या जी पंधरा मिनिटांची बैठक घेते तिच्यात, बापू शांतपणे सांगायचे की काल केलेलं सगळं पुन्हा करावं लागणार. सगळे हाय खायचे. आणि सगळ्यांना मनातून हायसंही वाटायचं, कारण बापूंच्या हातून सुटलेलं यंत्र जगात कुठेही टिकेल, ही खात्री होती.

मग पट्टी आली.

माणूस खोटं बोलतो का ते शोधायची यंत्रं जुनी झाली. या पट्टीची गंमत अशी की ती बोलणाऱ्याकडे बघतच नसे, ती ऐकणाऱ्याला मोजायची. समोरचा बोलायला लागला की ऐकणाऱ्याचं शरीर पहिल्या अर्ध्या सेकंदात, मनाला पत्ता लागायच्या आत, एक निर्णय घेतं. सावध व्हायचं की सैल राहायचं. सावध झालं तर नाडीची लय बदलते, तळव्यांना किंचित घाम येतो, मनगटाचे स्नायू केसभर आवळतात. मनगटावरची पट्टी हे टिपायची. सात जणांच्या सात पट्ट्या महिनाभर असं टिपत राहिल्या की कुणाचं बोलणं ऐकताना कोण किती सैल असतं याचा तक्ता तयार होई, आणि त्यातून प्रत्येकाचा शंभरपैकी एक विश्वासांक निघे.

यामागचं संशोधन खोटं नव्हतं. शस्त्रक्रिया करणाऱ्या तीनशे गटांचा अभ्यास झाला होता, आणि ज्या गटांत माणसं एकमेकांचं सैल मनाने ऐकत त्यांच्या हातून चुका कमी होत, हे पक्कं दिसलं होतं. पण अंगात ताप नसला की थर्मामीटर खाली असतो म्हणून कुणी थर्मामीटर गार पाण्यात बुडवून रोगी बरा करायला निघाला, तर त्याला काय म्हणायचं? कंपन्या नेमक्या तेच करायला निघाल्या. दोन वर्षांत अंक सगळीकडे पसरला. शाळा शिक्षक घेताना तो बघू लागल्या. फोन आला की नावापुढे तो दिसू लागला. केतकीच्या कंपनीत नियम झाला की तीन आठवडे ज्याचा अंक चाळिसाच्या खाली राहील त्याला टीममधून हलवायचं. टीम कशी लवचीक हवी, कंपनीचे संचालक देवदत्त परांजपे समजावून सांगत, पाण्यासारखी स्वतःला बदलत राहणारी. एवढंच नव्हे, कुणी एखादा दोष नोंदवला तर दुरुस्तीच्या यादीत त्याचा क्रमांक नोंदवणाऱ्याच्या अंकावर ठरू लागला. ज्याच्यावर टीमचा विश्वास नाही त्याच्या शंकेला आधी वेळ का द्यायचा, हे ऐकायला सगळ्यांनाच बरोबर वाटलं.

पहिल्या महिन्याचे अंक भिंतीवरच्या पडद्यावर लागले. सगळ्यांचे सत्तरच्या पुढे. बापूंचे एकतीस.

“मशीन बिघडलंय,” रेवती म्हणाली. विजेच्या चढउताराचा भाग ती लिहायची, आणि बापूंनी तिच्या कामात जितक्या चुका काढल्या तितक्या कुणाच्याच काढल्या नव्हत्या. लग्नात ती आईवडिलांच्या पाठोपाठ बापूंच्या पाया पडली होती.

मशीन बिघडलं नव्हतं. बापू तोंड उघडत तेव्हा वाईट बातमीच बाहेर पडे, आणि वाईट बातमी ऐकताना कुणाचंही अंग आवळतंच. भीती माणसाची आहे की बातमीची हा भेद शरीराला कळत नाही, मग पट्टीला कुठून कळणार? शुक्रवारचंही तेच झालं. कुणी चूक कबूल केली की सहा मनगटं एकदम दचकत आणि कबूल करणाऱ्याचा अंक चार-पाचने उतरे. पहिल्या शुक्रवारी शाल रेवतीला मिळाली. दुसऱ्या शुक्रवारी सगळ्यांना एकदम महत्त्वाची कामं निघाली. तिसऱ्या शुक्रवारी कुणी खुर्च्याच गोल केल्या नाहीत, आणि केतकीने त्या करा म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात करू, असं ती स्वतःला म्हणाली. स्टँडअपला आता एकच वाक्य ऐकू येई, “अडथळा नाही.” ते ऐकून सगळी मनगटं सैल राहत आणि पडद्यावरचा टीमचा अंक वर चढे.

बापूंना वाचवायला केतकीकडे तीन आठवडे होते. तिने त्यांना खालच्या कँटीनमध्ये गाठलं.

“बापू, माझं एक ऐकाल?”

“तुझं न्हाई ऐकायचं तर कुणाचं?”

“हे तीन आठवडे काही वाईट सांगू नका. दिसलं तरी नको. अंक चाळिसावर गेला की मग हवं ते बोला.”

बापूंनी चहाचा कप फिरवला. “स्टँडअपला न्हाई बोलत. तुला एकटीला सांगीन.”

“मलाही नको.” केतकीने आपलं मनगट टेबलावर ठेवलं. “ही पट्टी मी काढू शकत नाही, आणि प्रमुखाच्या पट्टीला दुप्पट वजन आहे. तुम्ही मला काही सांगितलंत की तुमचे गुण माझ्यामुळेच जातील. तीन आठवडे फक्त. माझ्यासाठी.”

त्यांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. मग म्हणाले, “बरं. तू म्हणतीस म्हणजे इचार करूनच म्हणत असशील.”

बापू गप्प बसले. स्टँडअपला “अडथळा नाही” म्हणू लागले, पण ते वाक्य त्यांच्या तोंडी इतकं परकं वाटे की ऐकणारे उलट सावध होत. तीन आठवड्यांनी अंक अडतीस झाला. दोन गुणांनी बापू हुकले. त्यांना जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या विभागात टाकलं, आणि महिना भरायच्या आत ते नोकरी सोडून पलूसला निघून गेले. निरोपाला कंपनीकडून केक आला. केतकीने चार बरे शब्द बोलून त्यांना दुकानाचं गिफ्ट कार्ड दिलं. निघताना बापू एकदा कपाटाकडे बघून म्हणाले, “येतो मग.” तिला वाटलं, जुन्या दिवसांची आठवण आली असेल.

त्यांच्यामागे टीमचा अंक चौऱ्याण्णव झाला. ‘सरिता’ ठरल्या दिवशी बाजारात गेली. पहिल्या सहा महिन्यांत तीनशे चाळीस घरांत यंत्रं लागली, आणि देवदत्त परांजप्यांनी मोठ्या सभेत केतकीच्या टीमला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या.

सातव्या महिन्यात रहिमतपूरचे यशवंत माळवदे गेले.

हार्मोनियम दुरुस्त करणारा माणूस, एकसष्ट वर्षांचा. दुपारी यंत्र लावून पडला होता. बायको गिरणीतून दळण घेऊन आली तर यंत्र ओरडत होतं आणि नवरा गार पडला होता. त्या दुपारी गावात दोनदा वीज गेली होती. कंपनीने चौकशी केली आणि तीन ओळींचा निष्कर्ष काढला, विजेच्या पुरवठ्यात व्यत्यय, यंत्र निर्दोष. स्टँडअपला तो वाचून दाखवला तेव्हा टीमच्या एकाही मनगटाने हालचाल केली नाही. केतकीला मात्र वीज हा शब्द टोचला. तिने रेवतीकडे पाहिलं. रेवती बुटाची नाडी बांधत होती, आणि तिच्या बुटांना नाडी नव्हती.

त्या शनिवारी केतकी गाडी काढून पलूसला गेली.

बापू अंगणात पंपाची मोटर उघडून बसले होते. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आतून खुर्ची आणली, वहिनींना चहा टाकायला सांगितलं. केतकीने माळवद्यांचं सांगितलं. ऐकता ऐकता बापूंच्या हातातला पान्हा मोटरवर टेकला तो तिथेच राहिला.

“लाईट जाऊन परत आली का मधी?”

“दोनदा.”

“मग मोजणी शून्यापासनं चालू झाली असंल,” बापू म्हणाले. “दोन लिटर काढायचं, दीड निघालं, लाईट गेली. परत आली की मशीन म्हणतंय, अजून दोन लिटर काढायचंय. तिसऱ्यांदा परत दोन.” मग त्यांनी तिच्याकडे न समजल्यासारखं पाहिलं. “पण ते दुरुस्त केलंस न्हवं तू?”

“मला माहीतच नव्हतं, बापू.”

“अगं, मी लिहून ठेवलं होतं की.”

“कुठे?”

“शालीत.”

बापू हळूहळू सांगत गेले, जणू तिलाच आठवण करून द्यायची होती. तिने गप्प बसायला सांगितलं त्याच आठवड्यात त्यांनी सवयीने वायर उपटली आणि हे सापडलं. बोलायचं नाही असा शब्द दिला होता. म्हणून सगळं एका कागदावर नीट लिहिलं, शालीच्या घडीत घातलं. संगणकावर टाकलं असतं तर त्यांच्या अंकामुळे यादीच्या तळाला गेलं असतं. शाल केतकीच काढते. एखाद्या शुक्रवारी काढेल, तिच्या हाताला लागेल.

“आणि शुक्रवार न्हाईच झाला तर माझ्या निरोपाला तरी काढशील, असं वाटलं मला,” ते म्हणाले. “तवा न्हाई काढलीस. म्हंटलं, आधीच वाचून झालं असंल. म्हणून नंतर इचारलं न्हाई. तुझ्यावर भरवसा होता ना.”

वहिनी चहा ठेवून गेल्या. त्यावर साय धरली तरी दोघांपैकी कुणी कपाला हात लावला नाही. केतकीला रडायचं होतं आणि ते तिला जमेना. आयुष्यात या माणसाइतका विश्वास तिच्यावर कुणी टाकला नव्हता. तिच्या मनगटावरची पट्टी गुणगुणली. पट्टीने नोंद केली होती की चंद्रकांत शेटे बोलत असताना ऐकणारीचा विश्वास आजवरच्या सगळ्यांत खालच्या पातळीवर गेला आहे.

“कबूल करायला पायजे,” बापू शेवटी म्हणाले. “तू पण आन् मी पण. अजून तीनशे एकोणचाळीस घरं हायेत.”

सोमवारी ती नऊ वाजताच ऑफिसात पोचली. कपाट उघडलं. शाल वरच्या खणात होती, बापूंनी केलेली घडी तशीच. कागद मधोमध होता, त्यांच्या ठसठशीत अक्षरात, खाली तारीख. यंत्र बाजारात जाण्याआधीची. शेवटी लिहिलं होतं, ‘या शुक्रवारची शाल रेवतीला नको, तिचा दोष नाही. वायर मी उशिरा उपटली. शाल मला.’

दहाला सगळे उभे राहिले. देवदत्तही आले होते. केतकी शाल हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “माझं चुकलं.”

तिने सगळं सांगितलं. मोजणी, वीज, माळवदे, कँटीन, कागद. ती बोलत असताना पाच मनगटं गुणगुणत होती. पडद्यावर तिचा अंक त्र्याण्णववरून पन्नास, तीस, बावीस असा खाली येत होता आणि सगळे तिच्याकडे न बघता पडद्याकडे बघत होते. बारावर तो थांबला.

“रेवती,” केतकी म्हणाली, “हा भाग तू लिहिला आहेस. बापू म्हणतात ते बरोबर आहे ना?”

रेवतीचे डोळे भरले होते. तिने तोंड उघडलं. पडद्यावर तिच्या नावापुढे ब्याण्णव होते, आणि घरी सहा महिन्यांचं मूल होतं, हे केतकीलाही ठाऊक होतं.

“मला तपासावं लागेल,” रेवती म्हणाली.

“नोंद घेतली आहे,” देवदत्त मऊ आवाजात म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी केतकीचा दोष स्वतः यंत्रणेत टाकला, तिच्या नावाने, नियमाप्रमाणे. दुरुस्तीच्या यादीत त्याला दोनशे चौदावा क्रमांक मिळाला. पाचच मिनिटांत टीमची नवी मांडणी पडद्यावर आली. प्रमुख म्हणून रेवतीचं नाव होतं. केतकीचं कुठेच नव्हतं, आणि तिचं कार्ड दाराला चालेनासं झालं होतं. बाहेर पडताना तिला मागून एकेकाचा आवाज ऐकू आला. अडथळा नाही. अडथळा नाही. रेवतीचा आवाज सगळ्यांत शेवटी आला.

इमारतीबाहेरच्या पायऱ्यांवर ती बसली. याच पायऱ्यांवर टीम कधीकधी नारळ फोडायची. तिने औषध नियंत्रकांच्या कार्यालयात तक्रार भरायला घेतली. पहिल्याच रकान्यात अंक मागितला होता. तो भरल्यावर पान म्हणालं, आपली तक्रार क्रमाने पाहिली जाईल. मग तिने पिशवीतून यंत्रं लागलेल्या घरांची, सकाळीच छापून घेतलेली यादी काढली आणि बापूंना फोन लावला. त्यांनी पहिल्या रिंगला उचलला.

“यादीचा फोटो पाठवलाय. मी वरनं करते, तुम्ही खालनं करा,” ती म्हणाली. “एवढंच सांगायचं. वीज गेली तर मशीन बंद करा, परत लावू नका, डॉक्टरांना विचारा.”

“ऐकतील का गं? माझ्यापुढं अडतीस दिसतंय.”

“माझ्यापुढे बारा.”

पलीकडे बापूंनी पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “कर सुरुवात.”

पहिल्या आठ घरांनी फोन उचललाच नाही. नववं घर वडूजचं होतं, पेशंटचं नाव भगवान इंगवले. एका बाईंनी उचलला. केतकीने सावकाश, स्पष्ट सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, मध्ये दोनदा हो हो म्हटलं, आणि केतकीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

“आत्ताच लावलंय ह्यांना मशीन,” बाई म्हणाल्या. “झोप लागलीय. लाईट मघाशी गेली होती, आली परत.”

“मग लगेच बंद करा. आत्ता. मी फोनवर थांबते.”

“थांबा हां.” पावलांचा आवाज झाला, मग थांबला. कुणीतरी तरुण आवाज काहीतरी पुटपुटला. बाई परत आल्या तेव्हा त्यांचा सूर बदललेला होता.

“मुलगी म्हणते, नावापुढं बारा आहे तुमच्या.”

“ताई, त्या अंकाचं सोडा. मीच बनवलंय ते मशीन. माझी चूक झाली आहे.”

“तेच म्हणते ना मी,” बाई समजुतीने म्हणाल्या. “तुमची चूक झाली, तर तुमचं कसं ऐकायचं? कंपनीचा फोन आला होता गेल्या आठवड्यात. चौऱ्याण्णव होतं त्यांच्यापुढं. ते म्हणाले, मशीन मधे बंद करू नका.”

फोन ठेवला गेला. केतकीने पुन्हा लावला, तो लागला नाही. तिसऱ्यांदा लावला. मग तिने मांडीवरची शाल उघडून खांद्यावर घेतली, यादीतलं दहावं नाव वाचलं आणि आकडे दाबायला लागली.